चिचखोऱ्यात राहतं कोण

चिचखोरा, ता. जळगाव जामोद
१४ जून १९६५

चि. इंद्रभान यास निवृत्तीचा रामराम.

तुझं पत्र शेजारच्या उकंडरावाच्या हाती मिळालं. तुझ्या बहिणीनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माहा भाऊ शिंपी काऊन झाला, वकील व्हायले पाह्यजे होता." मी म्हटलं, वकील झाला असता तर कोकिळेचा शाळेचा झगा कोणी शिवला असता? यावर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

थट्टा सोड. तू जे केलंस ते सख्ख्या भावानं केलं नसतं. आमच्या गावची शाळा चौथीला संपते, तीही नाल्याला पाणी नसेल तर. पुढं शिकायचं तर जळगाव. अर्धा दिवस रान तुडवावं तेव्हा कुठं मोटार दिसते. पोरगी चौथीत पहिली आली तेव्हा मास्तर म्हणाले होते, हिला थांबवू नका. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, पाठवू कशी? वसतिगृहाला धान्य देईन, रोख कुठून देणार? आता सरकारच दुर्गम गावच्या पोरांना विद्यावेतन देतं, आणि यादीत आमच्या कोकिळेचं नाव आहे! आमचं दूर राहणं आजवर कोणाच्या उपयोगाला आलं नव्हतं, ते पहिल्यांदा आलं.

अटी वाचून मात्र हसू आलं. आईबापांनी कायम गावातच राहायला पाहिजे म्हणे. अरे, आम्हाला इथून नेतो कोण?

सोमवारी तिला घेऊन येतो. आशाबाईंच्या खोकल्याला सत्यभामानं अडुळशाचा पाला बांधून ठेवला आहे, तोही आणतो.

निवृत्ती


जळगाव जामोद
२० जुलै १९६५

ती. भाऊजींना इंद्रभानचा नमस्कार.

कोकिळा रमली. पहिले काही दिवस रडली, ते तुम्हाला कळवलं नव्हतं. वसतिगृहाच्या अन्नपूर्णाबाई कडक आहेत, पण रडणाऱ्या पोरीला जवळ घेऊन निजतात. आता तिला एक मैत्रीण मिळाली आहे आणि दोघी मिळून अन्नपूर्णाबाईंच्या चालण्याची नक्कल करतात. म्हणजे काळजीचं कारण नाही.

तिला माझ्याकडेच ठेवली असती, पण तुम्ही पाहिलंच आहे. दुकानामागं एकच खोली, आणि आशाच्या छातीचं दुखणं तसलं. डॉक्टरांनी माझी स्वतःची दोन्ही पोरंसुद्धा आजोळी पाठवायला लावली. भाचीला कोणत्या तोंडानं त्या खोलीत निजवू?

अटींना हसू नका भाऊजी. माझं दुकान कचेरीसमोर आहे, साहेबलोकांच्या पँटी मी शिवतो, आणि माप घेताना माणूस बरंच बोलतो. गेल्या वर्षी एका बापानं जळगावात भाड्यानं खोली घेतली, सगळं कुटुंब इथं आणलं आणि कागदावर मात्र डोंगरातलं गाव दाखवून विद्यावेतन घेत राहिला. तेव्हापासून चौकशी कडक झाली आहे. दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. तुमचं बिऱ्हाड चिचखोऱ्यात असलं पाहिजे, आणि कोकिळा इथं वसतिगृहात राहिली पाहिजे. यातलं एकही हललं तर सगळं गेलं. कधीतरी कोणी पाहायला येईल. येईल तेव्हा सत्यभामाबाईच्या हातचा चहा द्या आणि आहे ते सांगा.

आपला
इंद्रभान


चिचखोरा
२५ नोव्हेंबर १९६५

चि. इंद्रभान यास रामराम.

ज्वारी यंदा माणसाच्या डोक्याच्या वर गेली आहे. म्हणजे रानडुकरांची दिवाळी. तुला आमची रीत ठाऊक आहे, कणसं भरली की सगळं गाव शेतात जातं. घराला कडी घालायची, चूल मोडून न्यायची, म्हातारी-पोरं, शेळ्या, गाडगीमडकी सगळी शेतातल्या राखणीच्या माळ्याखाली. ज्वारी खळ्यात पडेपर्यंत जागल. गावात कुत्रंही राहत नाही, तेही आमच्याबरोबर येतं. सत्यभामा रात्री डबा वाजवते आणि दिवसा भाऊ काय करत असेल म्हणून मला विचारते. पत्र लिहायला उशीर झाला तो यामुळं.

आता एक गंमत सांगतो, आशाबाईंनाही वाचून दाखव, त्यांना हसू येईल.

परवा मी मीठ न्यायला घरी उतरलो. पाहतो तर माझ्या ओट्यावर एक माणूस बसलेला. खांद्याला पिशवी, हातात पेन्सिल, पायात बूट. उकंडराव बैल पाजून परत चालला होता, त्यालाही त्यानं थांबवून ठेवलं होतं. मला पाहून म्हणाला, "निवृत्तीचं घर हेच का? चौकशीला आलोय." चौकशी म्हटल्यावर आमच्या गावाला एकच गोष्ट कळते. सरकारसाठी धान्य उचलणारे लेव्हीवाले! गेल्या साली त्यांनी उकंडरावाच्या खायच्या ज्वारीचंसुद्धा माप केलं होतं, त्याची बायको दारात बसून रडली होती. मीच निवृत्ती हे त्या माणसाला कळलं नाही, डोक्याला फडकं, अंगाला माती. मी म्हटलं, "इथं कोनी राहत नाई जी. सारे जळगावले गेले, पोरीपाशी. आता काई वापस येत नाईत."

उकंडरावानं लगेच ताल धरला, "हाव जी, घर पडूनच हाये." वर म्हणतो कसा, "चांगले लोक होते बिचारे!" इंद्रभान, मला हसू दाबवेना, मी सरपण गोळा करायच्या निमित्तानं परसात गेलो. तो माणूस बिचारा पाणी प्यायला, वहीत काहीतरी लिहिलं आणि उन्हाचा चालत गेला. रात्री हुरड्याला सगळ्या माळ्यांवर हीच गोष्ट. पोरं उकंडरावाची नक्कल करतात, "चांगले लोक होते बिचारे!"

कोकिळेचा सहामाहीचा निकाल काय लागला? तिला सांग, तिची शेळी व्याली, दोन पिलं झाली.

निवृत्ती


जळगाव जामोद
९ जानेवारी १९६६

ती. भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हाच मला शंका आली होती. मी आशाला वाचून दाखवलं नाही. लेव्हीचा माणूस एकटा येत नाही, भाऊजी. त्याच्याबरोबर तलाठी असतो, कोतवाल असतो. बूट घालून, पेन्सिल घेऊन, एकटा माणूस चालत तुमच्या गावी आला, तर तो कशाला आला असेल?

मी देवाला म्हणत होतो की तसं नसू दे. काल अन्नपूर्णाबाईंनी मला बोलावून कागद दाखवला. कोकिळेचं विद्यावेतन बंद. कारण लिहिलंय, घर बंद, चूल मोडलेली, आणि जागेवर हजर असलेल्या दोघा इसमांनी सांगितलं की कुटुंब मुलीसह जळगावला राहण्यास गेलं आहे.

त्या दोघा इसमांना मी चांगला ओळखतो.

रागावून लिहितो आहे, क्षमा करा. मी लिहिलं होतं ना, आहे ते सांगा म्हणून! एवढंच तर लिहिलं होतं. सत्यभामाबाईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

अजून सगळं गेलेलं नाही. मी फेरचौकशीचा अर्ज दिला आहे. कारकून म्हणाला, पीक निघाल्यावर, शिमग्याच्या आधी, दुसरे साहेब येतील. तोवर अन्नपूर्णाबाई कोकिळेला ठेवून घेताहेत, तुमच्या ज्वारीवर आणि स्वतःच्या जबाबदारीवर. पोरीला काही बोललो नाही. तिला वाटतं वह्या मिळायला उशीर होतोय.

इंद्रभान


चिचखोरा
२ मार्च १९६६

चि. इंद्रभान यास रामराम.

तुझं पत्र मिळालं. उकंडराव घरी आला, जाताना म्हणाला, "निवृत्ती, मीबी बोललो होतो न बे." सत्यभामाला मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दळायला बसली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण आता मोकळा श्वास घे. साहेब परवा येऊन गेले आणि सगळं नीट पार पडलं.

यावेळी मी कसर ठेवली नाही. ज्वारी खळ्यात होती तरी साऱ्या गावाला घरी आणलं. घर सारवलं, पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या, चुलीवर भात, दारात शेळ्या. मग माझ्या मनात आलं, मागच्या वेळी आपण काय सांगितलं होतं? सगळे पोरीपाशी गेले. आता पोरगीच घरात दिसली नाही तर साहेब म्हणतील, आज चार भांडी मांडून नाटक केलं, खरं बिऱ्हाड जळगावातच. घर पुरं दिसायचं तर घरातली सगळी माणसं दिसायला पाहिजेत, सोयरे पाहायला येतात तेव्हा आपण एकालाही शेतात पाठवत नाही, तसं. म्हणून उकंडरावाला धाडून कोकिळेला आणवलं. अन्नपूर्णाबाई नको म्हणत होत्या, शाळा बुडते म्हणाल्या. उकंडरावानं आई आजारी आहे असं सांगितलं. तुला कळवलं नाही, आशाबाईंचं तुला कमी आहे का?

साहेब म्हातारे, भले माणूस. दम लागला होता, ओट्यावर टेकले. आम्ही सगळे ओळीनं उभे. सत्यभामानं चहा दिला. त्यांनी कोकिळेला जवळ बोलावलं, नदीचे भाग विचारले, तिनं टकाटक सांगितले. खूश झाले. मग विचारलं, "बाळ, तू राहतेस कुठं?"

पोरगी माझ्याकडं पाहू लागली. आम्ही तिला पढवून ठेवलं होतंच. म्हणाली, "इथंच राह्यते जी. आईबाबापाशी."

साहेबांनी हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लिहून घेतलं. उकंडराव म्हणाला, जिंकलो! कोकिळेला शिमगा करून आणून सोडतो.

निवृत्ती


जळगाव जामोद
२८ एप्रिल १९६६

ती. भाऊजी,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

विद्यावेतन कायमचं नामंजूर झालं. साहेबांनी लिहिलंय, कुटुंब गावातच राहतं हे खरं, त्याबद्दल शंका नाही. परंतु विद्यार्थिनी आईवडिलांजवळ राहते असं तिनं स्वतः सांगितलं, आणि विद्यावेतन घर सोडून राहणाऱ्या मुलांसाठी आहे.

मी शर्ट टाचायचा तसाच सोडून कचेरीत गेलो. म्हटलं, साहेब, पोरगी वर्षभर वसतिगृहात राहते, हजेरी पाहा. कारकुनानं हजेरी मागवली. नेमकी चौकशीच्या दिवसांची हजेरी नाही, वर आठवडाभर शिमगा. अन्नपूर्णाबाई माझ्या बाजूनं बोलायला आल्या, तर त्यांनाच विचारलं, मुलगी का सोडली? त्या म्हणाल्या, आई आजारी होती. साहेब म्हणाले, मी त्या आईच्या हातचा चहा प्यायलो, ती ठणठणीत होती. तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला जन्मभर पुरेल.

भाऊजी, मला कोणावर ओरडावं तेच कळत नाही. साहेब वाईट नाही, नियमही वाईट नाही, तुमच्यासारख्यांसाठीच केलेला. खरं एवढंच होतं की आईबाप डोंगरात राहतात आणि पोरगी इथं शिकते. त्यात लपवण्यासारखं काय होतं? एका अहवालात आईबाप गावात नाहीत, दुसऱ्यात पोरगी शाळेत नाही. दोन्ही खोटे, आणि दोन्ही आपणच सांगून लिहवले.

परीक्षा तिनं दिली आहे. पास होईल, चांगली होईल. तिची जागा जूनपासून जामोदपलीकडच्या एका मुलीला दिली. तिचंही गाव तुमच्यासारखंच आहे. मी काहीतरी केलं असतं, पण आशाला आता सुया सुरू आहेत. याहून जास्त लिहवत नाही.

इंद्रभान


चिचखोरा
१७ जुलै १९६६

ती. मामास,
कोकिळेचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी पाचवीत दुसरी आले ते तुम्ही उकंडकाकांच्या तोंडी कळवलं. पहिली कोण आली ते कळवलं नाही. माझी मैत्रीण असेल तर तिला सांगा की मला राग नाही.

मामा, तुम्ही बाबांना पत्र लिहीत नाही. बाबा दर बाजाराला उकंडकाकांना विचारतात, पत्र आहे का. तुम्ही त्यांना रागवू नका. साहेबांपुढं मीच बोलले होते. मला ठाऊक होतं की मी वसतिगृहात राहते, तरी मी तसं म्हणाले. मला वाटलं मोठी माणसं सांगतात म्हणजे तसंच म्हणायचं असेल.

माझा शाळेचा झगा उकंडकाकांबरोबर पाठवते आहे. धुऊन दिला आहे. खाली दुमड आहे ती उसवली तर तुमच्या मुलीला दोन वर्षं येईल. इथं निंदणाला तो मळतो.

बाबा रोज संध्याकाळी म्हणतात, धडा म्हण. मी म्हणत नाही. ते मग स्वतःच काहीतरी वाचत बसतात आणि चुकीचं वाचतात, म्हणजे मी दुरुस्त करावं. मी करत नाही.

मामींना बरं वाटो.

कोकिळा


जळगाव जामोद
३० ऑक्टोबर १९६६

ती. भाऊजींना नमस्कार.

इतके महिने लिहिलं नाही, माझं चुकलं. झगा आला त्या दिवशी मशीनवर बसवेना. मी तो उसवला नाही, तसाच ठेवला आहे. आता सांगतो का ठेवला ते.

कचेरीत नवे साहेब आलेत. पुढच्या सालासाठी दुर्गम गावांतल्या मुलांची नव्यानं यादी करताहेत, जुनी फाईल पाहणार नाहीत. माप देताना त्यांनी स्वतः मला सांगितलं. वर्षभर शाळा सुटलेली मुलंसुद्धा चालतील, फक्त शिकायची इच्छा आहे असं मुलानं सांगितलं पाहिजे. अन्नपूर्णाबाईंच्या पाया पडलो, त्याही तिला घ्यायला तयार आहेत. कार्तिकात माणूस तुमच्या गावी येईल. अगदी जागलीच्या दिवसांत येईल, हे लक्षात ठेवा.

हे पत्र कोकिळेला आणि उकंडरावालाही वाचून दाखवा. यावेळी काही मांडायचं नाही, काही लपवायचं नाही, कोणाला पढवायचं नाही. माणूस विचारील त्याला खरं तेच सांगायचं. एवढं एकदा माझं ऐका.

आशा उठून बसते आहे. तिनं सगळ्यांना आठवण सांगितली आहे.

आपला
इंद्रभान


चिचखोरा
४ डिसेंबर १९६६

चि. इंद्रभान यास निवृत्तीचा रामराम.

तुझं पत्र मी माळ्याखाली सगळ्यांना बसवून वाचलं. सत्यभामानं कितीतरी महिन्यांनी देवापुढं साखर ठेवली. उकंडराव म्हणाला, मी तर त्या दिवशी तोंडाले फडकंच बांधून बसतो. कोकिळेनं रात्री पत्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. मला वाटलं, बरं झालं.

यावेळी मी घराला कडी घातली नाही. दिवसा एकानं घरी राहायचं असं ठरवलं. तो माणूस आला त्या दिवशी घरी राहायची पाळी कोकिळेची होती. मी माळ्यावरून पाहिलं, नाल्यातून पिशवीवाला माणूस चढतो आहे. गोफण टाकून पळत सुटलो. पण ज्वारीतून पळवतं का? धसकटं पायात घुसली तरी थांबलो नाही. कुंपणापाशी पोचलो तेव्हा तो ओट्यापुढं उभा होता, आणि कोकिळा दारात शेणाची पाटी घेऊन. त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

त्यानं विचारलं, या घरात शिकणारं मूल कोणी आहे?

"नाई जी," ती म्हणाली. "इथं कोनी शिकत नाई."

"आणि तू?"

"मी शेण थापते, जागल करते."

"शिकायची इच्छा आहे का?"

मी कुंपणाचा काटा धरून उभा होतो, काटा हातात गेला ते नंतर कळलं. ती म्हणाली, "आता नाई."

इंद्रभान, मला ओरडता आलं असतं. साहेब, पोरगी रागानं बोलते, तिचं ऐकू नका, असं म्हणता आलं असतं. पण मी बोललो की काय होतं ते मी पाहिलं आहे. शिवाय तू लिहिलं होतंस, कोणाला पढवायचं नाही. तो माणूस पाणी प्यायला आणि पुढच्या घराकडं गेला. मी जागचा हललो नाही.

तो गेल्यावर मी तिच्यापाशी गेलो. म्हटलं, "बाई, असं काऊन सांगतलं वं?"

तिनं पाटी खाली ठेवली, हात पुसले. माझ्यावर रागावलेली दिसली नाही, तेच मला सोसवलं नाही. म्हणाली, "मामानं लिहेलं होतं ना बाबा, या वेळी खरं थेच सांगजा म्हणून. म्या खरं थेच सांगतलं."

मग तिनं दाराला कडी घातली आणि विचारलं, माळ्यावर आता तुम्ही जाता की मी जाऊ? मी म्हटलं, तू जा.

झगा उसवून टाक. तुझ्या पोरीला होईल.

निवृत्ती